फोनवरचा 'सांगजा'

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीतच आहे. खरं सांगायचं तर ती घटना मी बरीचशी विसरलो आहे. गुन्ह्याचा क्रमांक विसरलो, आरोपीचा चेहराही आता नीट डोळ्यांपुढे येत नाही. लक्षात राहिला आहे तो एक शब्द. त्या एका शब्दाने एक बाई फसली, त्याच शब्दाने तिला फसवणारा सापडला आणि मधल्या काळात एका निर्दोष माणसाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या, धाडच्या बाजूच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. आमच्याकडे त्याला ठाणेदार म्हणतात. बाजाराच्या दिवशी बंदोबस्त, एरवी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाणामाऱ्या आणि विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या, असं ते ठाणं. आयकराशी आमचा संबंध वर्षातून एकदा यायचा, तोही स्वतःचं विवरणपत्र भरायची वेळ आली की. पोलिसाला कलमं तोंडपाठ असतात, पण आयकराचं कलम निघालं की तोही खिशातला मोबाइल काढून दुसऱ्याच्या हातात देतो आणि 'काय ते बघा' म्हणतो.

उपकेंद्रातली एक परिचारिका फिर्याद द्यायला आली, ती अशाच भानगडीतून. सोबत नवरा आणि धाकटा दीर. नवरा शेती बघायचा. दीर धाड ते बुलढाणा काळी-पिवळी जीप चालवायचा. बाईचं माहेर जळगाव जामोदकडचं, म्हणजे जिल्ह्याचं पार वरचं टोक. लग्न होऊन ती खाली या टोकाला आली होती आणि तिची अडचण इथूनच सुरू झाली होती. पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी अर्धं-अर्धं. त्यामुळे आयकराचा परतावा मंजूर होऊनही खात्यात येईना. आपल्याकडच्या नोकरदार बायकांत ही अडचण घरोघरी आहे. लग्नात नाव बदलायला एक दिवस लागतो, पण कागदावर ते बदलायला अर्धी नोकरी जाते.

म्हणून दिराने तिला आपल्या जीपने बुलढाण्याला, विवरणपत्रं भरून देणाऱ्या एका दुकानात नेलं होतं. तिथे नावाची दुरुस्ती झाली, पडताळणीसाठी म्हणून एटीएम कार्ड लावून नेटबँकिंगही चालू करून दिलं. परतावा जमा झाला. त्यानंतर काही दिवसांनी तिला फोन आला. आयकर खात्यातून बोलतो, तुमच्या परताव्यात नावाचा घोळ अजून आहे, आत्ता एक नंबर येईल तो सांगा. तिने सांगितला. परतावा तर गेलाच, घरातल्या लग्नासाठी साठवलेलंही सगळं गेलं. लग्न त्याच दिराचं होतं.

"फोनवरचा माणूस कसा बोलत होता?" मी विचारलं.

"हिंदीत," ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

मी ते तसंच फिर्यादीत घेतलं. फसवणुकीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा नोंदवला, बँकेला पत्र गेलं, सायबर शाखेकडून फोनचा तपशील मागवला. सिमकार्ड दूरच्या राज्यातल्या कुणाच्या नावावर निघालं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. फोन आला तेव्हा तो मोबाइल बुलढाण्याच्या बसस्थानक परिसरातल्या टॉवरखाली होता.

माझ्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. मोताळ्याकडचे, कामाला वाघ, पण एकदा डोक्यात काही बसलं की ब्रह्मदेव आला तरी काढू शकणार नाही. ते तपशील घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, चोर घरातलाच हाय. दिराची जीप रोज तिथंच उभी राह्यते. कार्ड त्याच्या हाती, पिन त्याले ठाऊक. अन् आता खबर हाय, त्यानं जीपले चारी टायर नवे घातले."

खबर स्टँडवरच्या चहावाल्याची होती. चहावाल्याची खबर बहुधा खरी असते, पण अर्धीच असते, हे मला ठाऊक होतं. तरी चौकशीला बोलावणं भाग होतं. दिराला बाकावर बसवलं. तिशीचा, अंगाने मजबूत, तोंडाने गरीब. हवालदारांनी आवाज चढवून पाहिला, मी उतरवून पाहिला. त्याचं उत्तर एकच.

"मला काई माहीत नाही साहेब. वहिनी म्हणती का, मी केलं? ती म्हणत असंल तर तसं लिहून घ्या. मी सही करतो."

तपासात असं उत्तर देणारा माणूस एकतर पक्का बनेल असतो नाहीतर पक्का सरळ. मधलं काही नसतं. मी हवालदारांना टायर बघून यायला पाठवलं. ते परत आले ते तोंड पाडूनच. टायर नवे नव्हते, रिमोल्ड होते. जुन्याच टायरला वरून रबर चढवलेलं.

पण गावाला रिमोल्ड आणि नवा यातला फरक कोण समजावणार? दीर ठाण्यात बसला ही बातमी त्याच्या जीपच्या आधी गावात पोचली. मुलीकडच्यांचा निरोप आला, सध्या थांबू. लग्नाच्या बोलण्यात 'सध्या थांबू' म्हणजे काय, ते वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं होतं. दुपारी ठाणे अंमलदार मला सांगत आला, बाहेर त्या नर्सबाई आल्यात, दिरासाठी डबा घेऊन. मी उठून खिडकीतून पाहिलं. फिर्यादी संशयिताला जेवायला वाढत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं दृश्य पाहिलं नव्हतं. तो मान खाली घालून भाकरी मोडत होता आणि ती शेजारी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी त्याच क्षणी समजलो की या बाईने आपल्यापासून काहीतरी लपवलं आहे, आणि ते तिलाच गिळता येत नाही.

महिला शिपायाला सोबत बसवून मी तिला आत बोलावलं. पाणी दिलं.

"ताई, तो माणूस हिंदीत बोलला ना? मग काय बोलला, ते हिंदीतच सांगा. आठवेल तेवढं."

तिने पेला खाली ठेवला. मी थांबलो. चौकशीत थांबता येणं हे निम्मं काम असतं.

"साहेब, खोटं लिहून देलं मी," ती शेवटी म्हणाली. इतका वेळ आमच्याशी जपून बोलणारी बाई एकदम माहेरच्या बोलीवर आली. "तो हिंदीत नव्हता बोलत. मराठीत बोलत होता, शुद्ध, हापिसावानी. मी घाबरले, फोन ठेवून राह्यली होती. तर म्हणे, 'घाबरू नका, नंबर आला की मले सांगजा.'"

"सांगजा?"

"हो साहेब. सांगजा."

पुणे-साताऱ्याच्या वाचकांना इथे थोडं थांबवावं लागेल. आम्हा वऱ्हाडी माणसांना कुणाला आदराने, घाई न करता, काही करायला सांगायचं असलं की आम्ही 'सांगा' म्हणत नाही, 'सांगजा' म्हणतो. येजा, बसजा, करजा. सवडीने करा, पण करा, असा तो मायेचा हुकूम असतो. मी मोताळ्याकडचा. नाशिकला प्रशिक्षणात माझ्या 'येजा'ची इतकी टिंगल झाली की मी तो जिभेवरून घासून काढला. खाली धाडकडे, मराठवाड्याच्या कडेला, हा 'जा' फारसा चालत नाही. ही बाई नवी नवरी म्हणून आली आणि पाहुण्यांना 'येजा' म्हणाली, तेव्हा हाच दीर, शाळकरी होता तेव्हा, खो खो हसला होता. "वहिनी, येजा म्हंजी यायचं का जायचं?" घरात वर्षानुवर्षं ती थट्टा चालली. तिनेही मग सासरी तो शब्द हळूहळू सोडला.

"इतक्या वर्षांनी कोणीतरी मले सांगजा म्हटलं साहेब," ती म्हणाली. "मले वाटलं, माहेरचा कोणी भाऊच बोलून राह्यला. मी विचारलंबी, तुम्ही जामोदकडचे काय? तो नुसता हसला. अन् मी नंबर सांगितला."

"मग आम्हाला हिंदी काऊन सांगितलं?" माझ्याही तोंडून 'काऊन' निघून गेलं.

"मराठी सांगितलं असतं तर कसं बोलला ते सांगा लागलं असतं. सासरचे म्हटले असते, तुझ्याच माहेरच्यानं खाल्लं. माह्या भावाचं नाव निघालं असतं. मले काय माहीत, भाऊजीले धराल तुम्ही? लेकरावानी वाढवलं त्याले मी."

माहेर वाचवायला गेली आणि सासर गळ्याशी आलं. मला तिचा राग यायला हवा होता, खोटी माहिती दिल्याबद्दल. नाही आला. वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. ज्याने तिला गाठलं होतं त्याने कुलूप न तोडता नेमकी किल्लीच लावली होती.

मग मी साधा हिशेब केला. ही बाई वरच्या टोकाची आहे हे तिच्या कागदांवरून कुणाला कळणार? पत्ते सगळे सासरचे. माहेरचं नाव फक्त पॅनवर. आणि ते पॅन हातात घेऊन, तिच्याशी बोलत, नावाची दुरुस्ती कोणी केली होती?

"ताई, त्या दुकानात तुम्ही कशा बोलल्या होत्या?"

तिने आठवून पाहिलं. "मी म्हटलं, दादा, नाव एकदाचं बरोबर करून देजा."

दुकानदाराला साक्षीदार म्हणून बोलावलं. चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं. मराठी अशी की आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात. आम्ही मूळचे पुण्याकडचे, म्हणाला. रोज शेकडो लोक येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवणार? लोक मोबाइल, कार्ड, पासवर्ड सगळं स्वतःहून पुढ्यात टाकतात, मीच त्यांना सांगतो असं करू नका. हे सगळं तो इतक्या तळमळीने बोलला की हवालदार मान डोलवू लागले. मी काहीच खोदलं नाही. जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली, चहा पाजला. साक्षीदार ठाण्यातून सुटला की मनाने सैल होतो, आणि दाराशी पोचलेला माणूस आत बसलेल्यापेक्षा खरा असतो. उंबऱ्याशी जाऊन तो वळला, हात जोडून हसला.

"येतो साहेब. अजून काही लागलं तं सांगजा."

"बसा," मी म्हणालो.

त्याला काय झालं ते कळलं नाही. हवालदारांना मात्र कळलं. तेही मोताळ्याचे. त्यांनी दार लोटून घेतलं.

नुसत्या शब्दावर कोर्टात काही उभं राहत नाही, हे मी जाणून होतो. शब्द फक्त कुठे खणायचं ते दाखवतो. त्याच दिवशी पंचांसमक्ष बसस्थानकाजवळच्या त्याच्या दुकानाची झडती घेतली. गल्ल्याच्या मागे दुसरा मोबाइल मिळाला. ते सिम त्याच मोबाइलमध्ये वापरलं गेल्याचं तांत्रिक तपासात निघालं, आणि त्यावरून आणखी काही बायकांना फोन गेलेले होते. सगळ्यांची अडचण तीच, नावाचा घोळ. माणूस मूळचा जामोदच्याच बाजूचा निघाला.

मी त्याला एकच गोष्ट विचारली, जी दोषारोपपत्रात लागत नव्हती. शुद्ध बोलणाऱ्या माणसाला हा शब्द कसा सुचला?

तो सहज म्हणाला, "शुद्ध बोललो तं ती बाई थरथर करून राह्यली होती साहेब. दुकानात तिचा 'देजा' ऐकला होता. म्हटलं, आपलं बोलून पाहावं. लगेच इश्वासली."

प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, म्हणून नावं लिहीत नाही. गेलेल्यातलं बरंच बँकेने अडवून ठेवलेलं होतं, ते तिला परत मिळालं. मुलीकडच्यांना मी स्वतः ठाण्यात बोलावून सांगितलं की मुलगा साक्षीदार आहे, आरोपी नाही, आणि टायर रिमोल्ड आहेत.

या तपासाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ओटीपी कुणाला सांगू नये, हे तर आता फोनची घंटी वाजण्याआधीही सांगतात. मी शिकलो ते निराळं. अडलेला माणूस मदत शोधतो तेव्हा तो आधी हुशार माणूस शोधत नाही, आपला माणूस शोधतो. चोराला हे आपल्या आधी कळलेलं असतं.

काही महिन्यांनी ती आणि तिचा दीर लग्नाची पत्रिका घेऊन ठाण्यात आले. अक्षता ठेवून तिने पत्रिका माझ्या हातात दिली आणि अगदी जपून, एकेक अक्षर तोलून म्हणाली, "साहेब, लग्नाला या."

मला ते ऐकून कसंसंच झालं. पैसे आम्ही परत आणले होते. तिचा 'जा' परत आणण्याचं कलम माझ्याकडे नव्हतं.

दीर तिच्याकडे बघत होता. मग त्याने तिच्या हातातली अक्षतांची वाटी घेतली, माझ्यासमोर धरली आणि त्याच्या जिभेला न वळणारा तो शब्द अडखळत उच्चारला.

"साहेब, येजा."

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावून म्हणाली, "यायचं का जायचं, भाऊजी?"