पुढच्या बाकावरची

आमच्या प्लस टूच्या, म्हणजे बारावीच्या, निरोपसमारंभात एक रीत होती. वर्गाच्या मिसनी ती कुठून आणली कोण जाणे, पण दरवर्षी तीच. प्रत्येकीने पुढे यायचं, शाळेतली सगळी वर्षं आठवायची आणि एकीला थँक्स म्हणायचं, एकीची माफी मागायची. बस, एवढंच. बाकीच्या मुलींना साड्यांची काळजी, कुणाच्या ब्लाउजची बाही घट्ट, कुणाला निऱ्या जमत नाहीत. आणि मला तीन दिवस भात गिळवत नव्हता.

कारण सांगते, पण आधी आम्हा दोघींबद्दल. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या. घरात मराठी. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसोत बापडे. ही अक्षरंसुद्धा मला हिंदीच्या शिकवणीमुळे येतात, नाहीतर कसलं काय. पण शाळेत त्याच मराठीचा आम्हाला भारी माज. सहावीपासून शेजारीशेजारी बसायचो आणि तोंडावर हसू ठेवून वाटेल ते बोलायचो. कुणाच्या डोक्याला केवढं तेल, कुणाची अक्कल किती, मिस आज कुणावर भडकणार. तमिळ शाळेत चाळीस मुली, कुणाला ओ की ठो कळत नाही. असं आम्हाला वाटायचं.

अकरावीपासून आमच्या पुढच्या बाकावर पापनाशमहून बसने येणारी एक मुलगी बसायची. अबोल. तिची पाठ आणि वेणी तेवढी आमच्या ओळखीची. बारावीच्या सहामाहीआधी तिचे वडील गेले. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. मीही गेले, तिचा हात धरला आणि तमिळमध्ये म्हटलं, "धीर धर, आम्ही आहोत ना." मग जागेवर येऊन बसले आणि तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, मैत्रिणीला मराठीत म्हणाले, "आता बघ, हिचे प्रॅक्टिकलचे मार्क पक्के. दया येऊन देऊन टाकतील. आपण बसू घासत." मैत्रीण फिसकन हसली.

ते बोलताना मला काहीच वाटलं नव्हतं. आज लिहायला जड जातंय ते हेच.

निरोपसमारंभाच्या तीन दिवस आधी आई शाळेत आली. ब्लाउजचं माप द्यायला मला मधल्या सुट्टीत घेऊन जायचं होतं. आम्ही व्हरांड्यात उभ्या, पुढच्या बाकावरची जवळच नळावर बाटली भरत होती. आई मराठीत म्हणाली, "अगं, तुझी पिन पडली बघ, त्या खांबाकडे." मी वळायच्या आत त्या मुलीने वाकून पिन उचलली आणि माझ्या हातात दिली. आई खूश. "तू आमच्यातली का गे?" ती तमिळमध्ये म्हणाली, "कळतं मला. बोलता येत नाही." आणि बाटलीला झाकण लावून निघून गेली.

आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडची निम्मी पोरं तशीच, मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. माझा धाकटा भाऊसुद्धा तसाच. घरात रोज बघत होते, आणि वर्गात एवढी वर्षं डोक्यात एकदाही आलं नाही की आपल्यासारखं बोलणारी नसेल, पण ऐकणारी असेल.

संध्याकाळी मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, "सांगितलं तिने तर कानावर हात ठेवू. म्हणू, तिला नीट कळलं नाही." मला असा संताप आला. "आणि नीट कळलं असेल तर?" पुढचे दोन दिवस मी दोन वर्षांतलं आमचं बोलणं आठवत होते, आणि एक आठवलं की त्यामागून आणखी दहा. माफीचा दिवस तिला आयता मिळाला होता. सगळ्या वर्गासमोर तिने फक्त तोंड उघडायचं होतं, की माझी सात वर्षांची शाळा धुळीला. तिला एकटीला गाठायला मी बसस्टॉपवर गेले तर ती माझ्याकडे बघून हसली आणि बसमध्ये चढली. समारंभाच्या सकाळी ताप आल्याचं सांगून पाहिलं. आईने मानेला हात लावला. "कुठाय ताप? ऊठ."

साड्या नेसून आम्ही आपापल्याच बाकांवर बसलो. हजेरीच्या क्रमाने मुली पुढे जात होत्या. कुणी अर्ध्या डोशाबद्दल थँक्स म्हणत होती, कुणी लपवलेल्या प्रॅक्टिकलच्या रेकॉर्ड नोटबुकाबद्दल माफी मागत होती. एक हसताहसता रडायलाच लागली. माझा नंबर तिच्या आधी. माफी पाठ केली होती, रात्रंदिवस तीच घोकली होती. उभी राहिले, ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि माझी बोबडी वळली. मैत्रिणीचा लेमन राइस चोरून खाल्ल्याची माफी मागितली मी. सगळ्या हसल्या. भित्री कुठली, असं स्वतःला म्हणत परत आले.

मग ती गेली.

"माझे थँक्स आणि माझी माफी एकाच ठिकाणी आहे," ती म्हणाली. "माझ्या मागे बसतात त्या दोघींना." मैत्रिणीने माझा गुडघा आवळला. "माझे अप्पा माझ्याशी मराठी बोलायचे. अम्मा तमिळ आहे. अप्पा गेल्यावर घरात ते बोलणारं कोणी उरलं नाही. मग मला ते फक्त बाकावर बसल्यावर ऐकू यायचं. मिसनी जागा बदलायला सांगितलं तरी मी बदलली नाही. त्याबद्दल थँक्स. आणि या दोघींना न सांगता मी सगळं ऐकत राहिले, त्याबद्दल माफी."

'सगळं' हा शब्द तिने बाकीच्या शब्दांसारखाच म्हटला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मिसनी पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे केवढ्या कौतुकाने बघितलं. तेव्हा मी उभं राहायला हवं होतं. नाही राहिले. लाज वाटते सांगायला, पण आधी मला हायसंच वाटलं.

ती येऊन तिच्या जागेवर बसली. पुढच्या मुलींची नावं पुकारली जात होती. आम्ही दोघी खाली बघत बसलो होतो, एक अक्षर न बोलता. मग ती अर्धवट मागे वळली आणि हळूच तमिळमध्ये म्हणाली, "गप्प का बसलात? बोला ना, शेवटचा दिवस आहे."