दोन टायमर

लालमहंमद मशीन उघडण्याआधी बशी मागतात. चहासाठी नाही, स्क्रूसाठी. "जमिनीवर ठेवलेला स्क्रू परत माझा होत नाही," म्हणतात. थेरगावपासून चऱ्होलीपर्यंतच्या बाथरूमांत पाट टाकून तीस वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा हा माणूस. कुठल्या घरात कोण किती पावडर घालतं, हे त्यांना त्या घरच्या सासूपेक्षा जास्त माहीत. आमच्या घरमालकीण सावित्रीबाईंकडं तर त्यांची टवका उडालेली बशी राखीवच आहे. आतल्या न्हाणीपर्यंत चपला काढून जाणारा बाहेरचा पुरुष असा हाच एक. त्यांचा सगळा धंदाच लोकांनी दार उघडण्यावर.

मी परांड्याचा. चाकणला कंपनीत आहे, सावित्रीबाईंच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लालभाईंना चार वर्षं ओळखतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते माझ्याच विरोधात जाणार आहे.

त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर स्फोटाच्या बातम्या चालू होत्या. स्फोट आमच्यापासून हजारभर किलोमीटर लांब झालेला, पण आमच्या गल्लीत लोक कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून जायला लागले होते. मी जिना उतरत होतो. खालच्या वळणावर लालभाई माझ्याकडं पाठ करून फोनवर बोलत होते.

"दोन टायमर आणलेत. एक दापोडीला बसवतो, एक चऱ्होलीला. चार वाजेपर्यंत दोन्ही चालू होतील."

मशीनला टायमर असतो, हे मला कळतं. मी डिप्लोमा केलाय, राव. पण त्या दिवशी तो शब्द कानातून आत शिरला तो थेट टीव्हीशेजारी जाऊन बसला.

तळमजल्यावर सोपानराव राहतात. रिटायर झाल्यापासून बिल्डिंगची सुरक्षा बघतात. कुणी सांगितलेलं नाही, तरी बघतात. मी गंमत म्हणून बोललो, "ऐकलं का, लालभाईंनी दोन टायमर आणलेत."

सोपानराव हसले नाहीत. "कुठं म्हणाला? किती वाजता?"

मी जागा सांगितली. वेळही सांगितली. गंमत तिथंच संपली होती, फक्त मी बोलायचा थांबलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले दोघं लालभाईंच्या दुकानात आले. तीन तास विचारपूस. टायमर सापडले चौदा, शिवाय बेल्ट, मोटारी आणि कुणाच्या तरी मशीनमध्ये अडकलेला लहान मुलाचा मोजा. जाताना एकानं स्वतःच्या घरच्या मशीनचं पाणी का गळतं तेही विचारून घेतलं. झालं, मिटलं.

मिटलं ते पोलिसांपुरतं. इकडं लालभाईंचा फोन वाजायचा बंद झाला. चऱ्होलीच्या सोसायटीत वॉचमननं इंटरकॉमवर विचारलं आणि फोन ठेवून सांगितलं, "मॅडम नको म्हणतात." लालभाईंनी हत्यारांची काळी बॅग घरी ठेवली आणि नव्या ब्लँकेटबरोबर येते ना, ती आरपार दिसणारी चेनची पिशवी घेतली. पकड, पाना, टेस्टर, सगळं बाहेरून दिसतं. पन्नाशीचा माणूस परीक्षेला निघालेल्या पोरासारखा दिसायचा.

महिन्याभरानं सावित्रीबाईंचं मशीन बंद पडलं, आत दोन गोधड्या. त्यांनी फोन लावला.

"मावशी, दुसरा कुणीतरी बघा."

"का? तू मेलास व्हय?"

"न्हाई."

"मग ये की मुडद्या. गोधड्या कुजाय लागल्यात."

आले. चपला काढल्या आणि न्हाणीच्या दारातच थांबले. "कुणीतरी इथं उभं राहा."

"कशापायी? इतकी वर्सं कधी उभं ऱ्हायलोय आमी?"

"राहा, मावशी. बरं असतं."

मला उभं केलं गेलं. लालभाई एकेक वस्तू काढून दाखवायला लागले. "हा पाना. हा टेस्टर. ही नवी चावी."

"चावी म्हणजे टायमर ना?" मी विचारलं.

"हळू बोला, समर्थभाऊ. खाली सोपानराव असतात."

सावित्रीबाईंनी टवक्याची बशी पुढं सरकवली. लालभाईंनी ती घेतली नाही. स्क्रू डाव्या मुठीत धरले आणि एका हातानं काम करत राहिले.

"त्या दिवशी जिन्यात मी फोनवर होतो," माझ्याकडं न बघता म्हणाले. "वरून कुणाच्या तरी चपला वाजत होत्या."

"मी... मी तर फर्स्ट शिफ्टला होतो."

"असाल." एक स्क्रू फिरला. "रोज एकेका गिऱ्हाइकाचं तोंड डोळ्यांपुढं आणतो. हा असेल का, ती असेल का. घरी बायको, कनीज, म्हणते, सोडा आता, वेड लागेल. पण पूर्वी मी मशीनचे आवाज ऐकायचो, समर्थभाऊ. आता माणसांचेच ऐकत बसतो."

मशीन सुरू झालं. चहा न घेताच उठले. जुना टायमर माझ्या हातात दिला. "मध्येच अडकतो आणि धक्का बसला की चालू होतो. तुम्हीच टाकून द्या. माझ्याकडं सापडायला नको."

भंगारवाला कंपनीच्या वाटेवरच आहे म्हणून सकाळी तो मी सॅकमध्ये टाकला. कंपनीच्या बसमध्ये सगळे पेंगत होते. मोशीच्या पुढं बस खड्ड्यात आदळली आणि माझ्या मांडीवर टिक्-टिक् सुरू झालं. सॅक उघडू, की पोटाशी धरू?

शेजारच्या भिवानं एक डोळा उघडला. "काय वाजतंय रे?"

"वॉशिंग मशीनचा टायमर."

"बरं," म्हणाला आणि त्याच सॅकवर डोकं टेकून झोपला.

भिवा मला ओळखतो पंधरा दिवसांपासून.