गांबियाचं पीक

आमच्या घरातला पहिला इलेक्ट्रिक हीटर आम्हाला मिळाला, तो गांबिया देश स्वतंत्र झाला म्हणून.

तेव्हा आम्ही इंग्लंडात, स्लाऊमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होतो. फेब्रुवारी महिना होता. खोली इतकी गार, की रात्री ताटलीत काढून ठेवलेलं तूप सकाळी सुरीने कापावं लागे. हे (म्हणजे आमचे यजमान) बिस्किटांच्या फॅक्टरीत फिटर होते. दत्तात्रय हे नाव तिथल्या कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचं ‘डॅन’ झालं होतं. खरं नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. (माझ्यामुळे नाही, असं मी अजून म्हणते.)

फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये रोज चहाच्या सुट्टीत क्विझ असे. मॅनेजर मिस्टर वेब लाउडस्पीकरवरून एक प्रश्न विचारायचे. त्या आठवड्यात गांबिया स्वतंत्र होणार होता आणि लॉऱ्या भरणारे मिस्टर जालो गांबियाचे होते, म्हणून सगळे प्रश्न गांबियावर. ह्यांची उत्तरं रोज बरोबर आली. शुक्रवारी संध्याकाळी फॅक्टरीच्या क्लबात शेवटची फेरी, आणि बक्षीस दोन दांड्यांचा इलेक्ट्रिक हीटर!

हे घरी आले तेच हातमोजे काढत, आनंदात.

“अगं, हीटर आपलाच! फक्त शेवटचं उत्तर बायकोनं द्यायचंय.”

“कुणाच्या?”

“माझ्या! मला मध्ये बोलायचं नाही. बोललो तर बाद.”

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी चौथी शिकलेली. दूधवाला समोर आला तर मी रिकाम्या बाटल्या ठेवून दारामागे लपायचे. मी भर सभेत इंग्रजीत बोलणार?

“अहो, त्यापेक्षा थंडी परवडली.”

“तुझं पडसं परवडेना मला. म्हण, ग्राउंडनट!”

मी पोळ्या लाटतेय आणि हे शेजारी उभे राहून विचारतायत, असा अभ्यास सुरू झाला. स्वातंत्र्याची तारीख कुठली? राजधानी कुठली? (तेव्हा बाथर्स्ट.) पीक कुठलं? पोळी फुगेपर्यंत उत्तर लक्षात राही. उलटली की गेलं! शेवटी मी माझ्यापुरता मार्ग काढला. शाळा सुटल्यापासून मी पाठ केले होते ते फक्त उखाणे. तेव्हा प्रत्येक उत्तराचा मी एक उखाणा केला. उखाणा म्हटला की त्यात नवऱ्याचं नाव आलंच. एरवी ते मी तोंडातून काढत नसे. पण उत्तरं मात्र अशी पक्की बसली, की हे म्हणाले, “आता हीटर ठेवायचा कुठे, तेवढं ठरव.”

शुक्रवारी क्लब गच्च भरलेला. मिस्टर जालो पायघोळ पांढरा झगा घालून परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले. टेबलावर हीटर. आम्ही आणि पॅकिंगमधलं एक जोडपं, एवढेच उरलो होतो. त्या बाई चुकल्या. मग मिस्टर वेब माझ्याकडे वळले.

“मिसेस डॅन, गांबियाचं मुख्य पीक कुठलं? टेक युअर टाइम, लव्ह.”

परपुरुषाने चारचौघांत ‘लव्ह’ म्हटल्यावर कसलं ग्राउंडनट आणि कसलं काय! इंग्रजी शब्द गेला, तो गेलाच. पण मी उभी होते, सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीतरी “चला, बोला” म्हणत होतं. असं आमच्याकडे एकाच प्रसंगी होतं, नाव घेताना! मी पदर सावरला, मान खाली घातली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“गांबियाच्या शेतात शेंगदाण्याची रास,
दत्तात्रयरावांना भरवते लाडवाचा घास!”

ह्यांनी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“वन्स मोअर, प्लीज?” मिस्टर वेब म्हणाले.

आता, उखाणा झाल्यावर कुणी ‘आणखी एक’ म्हटलं की तोच परत घ्यायचा नसतो, एवढी रीत मलाही कळते. मी दुसरा घेतला.

“नदीच्या तोंडाशी बाथर्स्टचं बंदर,
दत्तात्रयराव दिसतात कोट घालून सुंदर!”

कोणीतरी टाळी वाजवली. मिस्टर वेबनी कपाळ पुसलं आणि बोट वर केलं. एकदाच, शेवटचं.

“फेब्रुवारीची अठरा तारीख, स्वातंत्र्याचा सण,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, ऐका सर्वजण!”

ऐकलं सर्वजणांनी! मिस्टर वेबना तिन्ही वेळा एक शब्द सारखा सापडला होता. त्यांनी हातातलं कार्ड पाहिलं, मग मिस्टर जालोंकडे पाहिलं.

“दत्तात्रय? असं काही पिकतं तुमच्याकडे?”

मिस्टर जालोंनी माझ्याकडे बघितलं. मी पदराला पीळ घालत होते आणि माझे डोळे भरले होते. मग त्यांनी तोंड दाबून बसलेल्या ह्यांच्याकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं,

“ओ येस. आमच्या गावात पुष्कळ. पाऊस मात्र चांगला लागतो.”

टाळ्यांचा कडकडाट! हीटर आमचा!

हीटर उचलून हे तरातरा घरी आले. दार लावलं आणि म्हणाले, “अगं, मला पेरलंस तू! गांबियात!”

“पण हीटर...”

“लावायचा नाही. खोट्या उत्तराची ऊब नको मला.”

हीटर टेबलावर, त्यावर टॉवेल, आणि समोर हे ओव्हरकोट घालून दात वाजवत बसलेले. शनिवार असा गेला. रविवारी ह्यांनी सगळं खरं सांगायला म्हणून मिस्टर जालोंना जेवायला बोलावलं. मी दाण्याची आमटी, दाण्याची चटणी आणि दाण्याचे लाडू केले. (मन खात असलं की हात त्याच डब्याकडे जातो.)

मिस्टर जालो आवडीने जेवले. मग हळूच म्हणाले, “मिसेस, मी परवा खोटं बोललो. दोन रात्री आठवतोय, पण आमच्याकडे असलं पीक नाही. ह्यातलं दत्तात्रय कुठलं?”

नाव कसं घेणार? मी हातातली पळी ओव्हरकोटाकडे केली.

ह्यांनी मान खाली घालून उखाण्याची सगळी हकिगत सांगितली. मिस्टर जालो इतके हसले, की आमटी त्यांच्या बाहीवर सांडली. मग एकदम थांबले.

“पहिल्या ओळीत त्या काय म्हणाल्या?”

“शेंगदाण्याची रास. म्हणजे ग्राउंडनट्स.”

“मग उत्तर बरोबर आहे! इंग्रजीतच द्यायचं, असं वेब कुठे म्हणाला? आणि परीक्षक मी होतो!”

त्यांनी स्वतः उठून टॉवेल काढला आणि बटण दाबलं. दोन्ही दांड्या लाल झाल्या. मग ह्यांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, “ह्या पिकाला पावसापेक्षा ऊब जास्त लागते.”

सोमवारी ते मिस्टर वेबना सगळं सांगून आले. मिस्टर वेबनी हीटर आमच्याकडेच राहू दिला, पण चहाच्या सुट्टीत लाउडस्पीकरवरून त्या दिवशीचा प्रश्न आला, “दत्तात्रय म्हणजे काय?” त्या क्विझच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्या डिपार्टमेंट्सचं उत्तर बरोबर आलं!

तेव्हापासून फॅक्टरीत ‘डॅन’ संपला. ज्यांचं नाव घ्यायला मी एवढी लाजायचे, त्यांचं नाव सगळी फॅक्टरी येताजाता घ्यायला लागली. आणि तेही उखाण्याशिवाय!