याला निजवणं म्हणू नका

इंग्रजी अमलात राजपुऱ्याची मनकर्णा बुऱ्हाणपूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. नवरा प्लेगात गेलेला, पदरात तान्हा कौतिक. जिनाबाहेरच्या छपराखाली गोदाबाई नावाची म्हातारी सगळ्या बायांची पोरं सांभाळायची. पोर रडलं की आई हातचं काम टाकून धावायची. ते मुकादम चुडामणला खपेना. त्यानं गोदाबाईला बजावलं, "पोरं निजवून ठेव."

म्हणजे सरकारी ठेक्याच्या दुकानातली अफू बोटावर घेऊन चाटवायची.

मनकर्णेनं आपल्या पोरासाठी साफ नाही म्हटलं होतं. तरी एका दुपारी ती पाजायला गेली, तर कौतिक छातीशी तोंड नेईना. ओठ काळेनिळे, मान लुळी. तिनं त्याला उचललं आणि सरकारी दवाखान्याकडे धाव घेतली. तिथं तळव्यांना टिचक्या मारून, तोंडावर पाणी शिंपडून त्याला जागं ठेवलं. दिवेलागणीला तो रडला, तेव्हा तिनं त्याला छातीशी लावलं.

सकाळी ती मुकादमासमोर उभी राहिली.

"माझ्या पोराला काय दिलं?"

"काही नाही. निजवलं होतं."

"निजवते मी. मांडीवर घेते, थोपटते. भूक लागली की माझं पोर उठतं. तुम्ही त्याला उठता येईना असं केलं. याला निजवणं म्हणू नका, मुकादम. इख दिलं म्हणा."

"सगळीकडे हेच चालतं, बाई. एका शब्दावरून काय भांडतेस?"

"शब्द मायेचा आहे, म्हणून तर बायांना इख दिसत नाही."

चुडामणनं तिला कामावरून काढलं. ती घरी गेली नाही. छपरात जाऊन गोदाबाईच्या कनवटीची डबी ओढली आणि अफू मोरीत टाकली. म्हातारी अडवायला उठलीच नाही. हलकेच म्हणाली, "माझी दोन अशीच निजली, ती उठलीच नाहीत, माय. मीच चाटवली होती."

मनकर्णेला तिचा राग आला, आणि तिच्याहून जास्त त्या जिनाचा आला.

दुपारपर्यंत पोरं एकेक करून रडू लागली. बाया उठल्या. मुकादम ओरडत राहिला, पण कुणी मागं वळेना. यंत्रं रिकामी फिरू लागली, तसा मालक स्वतः खाली आला. पाजायला सुटी द्यायचं त्यानं कबूल केलं. मनकर्णेला मात्र परत घेतलं नाही.

ती कौतिकला घेऊन भावाकडे शाहपूरला गेली आणि केळीच्या बागेत कामाला लागली. तिथं कुणी पोराला अफू चाटवताना दिसलं, की ती हातातला विळा खाली ठेवून आधी तिकडे जायची.