चपलांची राखण

"कोनाची?" हा तिचा रोजचा पहिला प्रश्न. दारात कुणीही चप्पल काढली की ती बोट रोखून विचारायची, "कोनाची?" उत्तर मिळालं की "हाव का?" म्हणायची आणि ती जोडी सरळ करून स्टँडवर लावायची. वय सव्वादोन वर्षं. नागपुरातल्या आमच्या पाळणाघराच्या दारावर इतका कडक बंदोबस्त ना त्याआधी कुणी ठेवला, ना त्यानंतर.

नाव सांगत नाही. आता ती शाळेत जाणारी प्रतिष्ठित बाई आहे, तिला आवडायचं नाही. मी आणि माझी मदतनीस मंदा तिला 'बाईसाहेब' म्हणायचो, तेवढं पुरे.

तिला सांभाळायला काटोलहून आजी आली होती. फेब्रुवारीत तिकडे मृग बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली तशी आजी परतली, पण आपली बोली नातीच्या तोंडी ठेवून गेली. बाबा औषधांच्या विक्रीसाठी गोंदिया-चंद्रपूर फिरतीवर. आई गांधीबागेत कापडाच्या एका पेढीत कामाला. "महिनाभर बघते, ताई," ती मला म्हणाली, "रमली तर ठीक. नाहीतर नोकरी सोडावी लागेल." नोकरी सोडायच्या कल्पनेनंच तिचा चेहरा उतरला होता.

रमायचं नाव कशाला! बाईसाहेब दारातच बसकण मारायच्या आणि असा सूर लावायच्या की समोरचे वकील खिडकी लावून घ्यायचे. मंदानं खेळणी दाखवली, मोबाइलवर गाणी लावली, कन्हानहून आणलेले मुरमुरे पुढे केले. "काहून वं रडून राहिली? घरात चाल ना," ती विनवायची. बाईसाहेब मुरमुरे खायच्या आणि पुन्हा रडायला लागायच्या.

एका सकाळी दारातच आईच्या चपलेचा पट्टा तुटला. तिला आधीच उशीर झालेला. मी माझी चप्पल तिला दिली, तिची तुटकी स्टँडवर राहिली. ती गेली आणि आता सूर लागणार म्हणून मी तयारीत बसले, पण रडणं आलंच नाही. जाऊन बघते तर बाईसाहेब स्टँडपाशी मांडी ठोकून बसलेल्या. "आईची चप्पल हाय," त्यांनी मला समजावलं. "आई हाय."

तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? आपणही कुणाच्या दारात गेलो की आधी चपला बघतो आणि घरात कोण कोण आहे ते ओळखतो.

मग ते रोजचंच झालं. पट्टा शिवून घेतलेली ती चप्पल आई आमच्या दारात काढून ठेवायची, अनवाणीच अंगण ओलांडायची आणि स्कूटीच्या डिक्कीतली दुसरी जोडी घालून निघायची. माझ्या या हुशारीचं मला फार कौतुक वाटायचं. बाईसाहेब दारापासून सतरंजीपर्यंत आणि सतरंजीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत आल्या. मध्येच उठून स्टँडपाशी एक चक्कर मारायच्या, "हाय" म्हणायच्या, की परत वरणभात सुरू. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी "काढ" असा हुकूम करून बूट काढायला लावले. त्या बिचाऱ्यानं काढलेही.

एप्रिलमध्ये आमच्या अंगणातली फरशी सकाळीच तापते. त्या दिवशी आई उड्या मारत मारतच स्कूटीकडे निघाली होती. एवढ्यात बाईसाहेब आतून आल्या. स्टँडवरची आईची चप्पल त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, अंगणात नेली आणि आईच्या पायाशी सरळ लावून ठेवली.

"घाल. पाय पोळते ना तुये."

आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! कधीपासून, देव जाणे.

"मी जाऊ?" आईनं विचारलं.

"हाव. जाय."

आणि बाईसाहेब वळल्या, मागे न बघता आत गेल्या. इकडे आई स्कूटीच्या सीटवर डोकं टेकून हुंदके देत होती. "पोरगी रमली," मी तिला दटावलं, "आता तुम्ही रडू नका, कामावर निघा!" नोकरी सोडायचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायची वेळ आली. मुलं जाताना पाळणाघरवाल्या बाईनं रडायचं नसतं, आणि मी कधी रडलेही नव्हते. पण तिच्या शेवटच्या संध्याकाळी माझे डोळे भरून आले. लळा लागला होता, दुसरं काय.

"काहून रडून राहिली?" बाईसाहेबांनी विचारलं.

"तू चाललीस ना, म्हणून."

त्यांनी जरा विचार केला. मग पायातली इवलीशी पिवळी चप्पल काढली, स्टँडवर सरळ लावली आणि अनवाणीच जाऊन स्कूटीवर आईच्या पुढे उभ्या राहिल्या.

"अगं, चप्पल!" आई म्हणाली.

"राहू दे. मी हाय ना इथं."

ती चप्पल अजून तिथंच आहे. मंदा रोज सकाळी स्टँड पुसताना ती उचलते, झटकते आणि पुन्हा जागेवर ठेवते. एखाद्या नव्या पोरानं ही कोणाची म्हणून विचारलं, तर ती सांगते, "बाईसाहेबाची. आत हायेत त्या."