झाकणाची पेटी

‘हे उघडच आहे’ या वाक्यावर माझ्या मामेबहिणीइतकं चिडणारं माणूस जगात दुसरं नसेल. गणिताच्या पुस्तकात ते दिसलं की ती पेन खाली ठेवायची आणि “कोणाला उघड आहे रे?” असं मलाच विचारायची, जणू पुस्तक मी लिहिलंय. मामाचं घर जयगडला, म्हणून कॉलेजसाठी ती आमच्याकडे मांडवीला राहायची. आम्ही एकाच वर्गात. मी उदाहरणं पाठ करून मोकळा व्हायचो. ती एकेका उदाहरणाशी संसार मांडायची. जेवता जेवता घास हातातच राहायचा, माशाचे काटे मांडून ताटात आलेख उभा राहायचा आणि आई म्हणायची, “अगो, बांगडा थंड होतोय.”

मिडटर्मच्या आधी मामाने तिला बजावलं होतं, “गणितात पास झालीस तर शीक. नाय झालीस तर बंदराच्या ऑफिसात चिकटायचं, मी शब्द टाकून ठेवलाय.” तिला तर गणितच शिकायचं होतं. पण परीक्षा तोंडावर आली तरी बाईसाहेब एका पेटीत अडकलेल्या. चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, कडा वर दुमडून उघडी पेटी करायची. पेटीत जास्तीत जास्त मावावं म्हणून किती कापावं? मी रीत घोकली आणि पान उलटलं. ती मात्र दर उन्हाळ्यात मामाबरोबर आंब्याच्या पेट्या भरत वाढलेली. म्हणाली, “झाकण कुठाय? अशा पेटीतला आंबा मुंबईला पोचेल तरी का?”

“पेटी आंब्याची आहे असं कुठे लिहिलंय?”

“मग कशाची आहे ते तरी लिहायचं.”

त्यानंतर घरातला एकही पुठ्ठा शाबूत राहिला नाही. छोट्यामोठ्या पेट्या करून ती त्यांत तांदूळ भरून बघायची. आईने आधी दम दिला, “तांदूळ सगळे परत डब्यात यायला हवेत हां.” मग स्वतःच शेजारी बसली आणि विचारू लागली, “ही दिसायला बसकी, हिच्यात जास्त कसे मावले गो?”

पेपरात नेमकं तेच उदाहरण आलं. मी झटक्यात सोडवलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मी झाकणवाली केली. निम्म्या पत्र्याची पेटी, निम्म्याचं झाकण.” तसं कोणी विचारलंच नव्हतं, असं मी म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, “पण मला ते बघायचं होतं रे.” संध्याकाळी मांडवीच्या वाळूत ती गप्प बसून राहिली. एकही प्रश्न न विचारता बसलेलं तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला भीती वाटली.

पेपर वाटताना गणिताच्या मॅडमनी तिचा पेपर बाजूला ठेवला आणि तिला टेबलाशी बोलावलं. “झाकण घातलंस, पेटी निम्मी झाली. तरी कापायचं माप तेच कसं आलं?”

“सूत्रात दिसतं, मॅडम. पण पुठ्ठ्याला कसं कळतं?”

मॅडमनी ते पान पुन्हा वरपासून तपासलं. मग त्यांनी गुण दिले, आणि ती काठावर पास झाली.

आता ती पुढचं गणित शिकायला पुण्याला आहे. मामाने शब्द टाकलेल्या त्या खुर्चीवर मी बसतो. त्या मिडटर्मला मला तिच्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. अधूनमधून तिचा फोन येतो. “माल उतरवला की जहाज किती वर येतं रे?” मी रोज जहाजं बघतो, पण हे कधी बघितलेलं नसतं. बघून सांगतो म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन धक्क्याच्या बाजूला जाऊन बसतो. जहाज इतकं सावकाश वर येतं की नजरेला कळतच नाही. शेजारी ती असायला हवी होती, असं तेव्हा फार वाटतं.