खालच्या अंकलांचा स्वच्छ आवाज

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अंकलांनी उभ्या आयुष्यात एकही आवाज आहे तसा मान्य केलेला नाही. तुम्ही दोघं नातवंडं सुट्टीत बोरिवलीला आलात की ज्यांच्या घरातून गिटार ऐकू येते, तेच हे अंकल. मूळचे गोराईचे ईस्ट इंडियन, म्हणजे तिथले मराठी बोलणारे जुने ख्रिस्ती. नोकरी गोदीत झाली, पण जीव सगळा गिटारमध्ये, आणि तीही कंट्री संगीताची. ही अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी. त्यांत शेत, कुत्रा, चर्च आणि सोडून गेलेली बायको हमखास असते. "पहिल्या तीन गोष्टी गोराईत होत्या, वहिनी," असं अंकल मला गंभीरपणे सांगत, आणि स्वयंपाकघरातून आंटी म्हणत, "चौथीची पण सोय करू काय?"

अंकलांकडे एक प्रीअँप आहे. गिटारच्या तारांतून निघणारा आवाज फार अशक्त असतो. स्पीकरकडे जाण्याआधी हा डबा त्याला बळ देतो आणि वळणही लावतो. दुकानदाराने तो अष्टपैलू म्हणून विकला होता, आणि ते खरंही आहे, कारण त्यातून गुरगुरणारे, किंचाळणारे, फाटलेले असे सगळे आवाज निघतात. अंकलांना त्यातला एकच हवा होता, अगदी स्वच्छ आणि वरच्या अंगाला किंचित झणझणीत. बाकीच्या बटणांवर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली, पाहुण्यांचा चुकून हात लागू नये म्हणून. उरलेल्यांची मात्र दिवसभर सेवा चाले. "गेन म्हणजे मीठ," ते सांगत. "जास्त झालं की आवाज फाटला. ट्रेबल म्हणजे कोथिंबीर, ती सगळ्यात शेवटी." एकदा मी विचारलं, अहो, पण तुम्हाला नेमका कसा आवाज हवाय? ते म्हणाले, "सुरमईच्या तुकडीसारखा. मधोमध एक काटा, बाकी साफ. मांदेलीसारखा काटेरी नको." मी शाकाहारी असल्यामुळे मला मान डोलावण्यापलीकडे काही करता आलं नाही.

त्यांच्या घरी जाणाऱ्याला परीक्षा द्यावी लागे. चष्म्याच्या दुकानात काच बदलून बदलून विचारतात ना, तसं अंकल एकच सूर वाजवत, बटण केसभर फिरवत, पुन्हा तोच सूर वाजवत आणि विचारत, "पहिला की दुसरा?" गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन म्हणाला, "दुसरा. पण पहिला पण झकास होता, अंकल." हे उत्तर अंकलांना इतकं प्रामाणिक वाटलं की त्यांनी त्याला बसवून सरबत दिलं. सोसायटीच्या सभेत त्यांनी एकदा माईकची बटणंही अशीच जुळवली. सेक्रेटरी काय बोलतात ते त्या वर्षी पहिल्यांदाच सर्वांना स्पष्ट कळलं, आणि त्यामुळे सभेत मोठं भांडण झालं. अंकल समाधानाने घरी आले.

मग आंटींना कमी ऐकू येऊ लागलं. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग सकाळचे पक्षी. डॉक्टरांनी सांगितलं की वयामुळे त्यांच्या कानांना उंच आवाज लागेनासे झाले आहेत, खालचे अजून लागतात. कानातलं यंत्र घेतलं, पण आंटींनी ते कपाटात ठेवून दिलं. कानात कोणी भांडी घासतंय असं वाटतं, म्हणाल्या. एका संध्याकाळी मी तिथेच बसले होते. अंकल अगदी मन लावून वाजवत होते, आणि आंटींनी भाजी निवडता निवडता वर बघून विचारलं, "वाजवतोस की नुसत्या तारा पुसतोस रे?"

अंकलांनी गिटार खाली ठेवली. ज्या झणझणीत टोकासाठी त्यांनी इतकी वर्षं घालवली, तेच नेमकं आंटींपर्यंत पोचत नव्हतं. आणि चार महिन्यांवर त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला होता. गोराईच्या घराच्या अंगणात, लग्नात वाजवलेली धून अंकल पुन्हा वाजवणार, हे सगळ्या गावाला सांगून झालं होतं. ती ऐकायची होती एकाच माणसाने.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या परीक्षा बंद झाल्या. परीक्षक आता एकट्या आंटी. ट्रेबल, म्हणजे उंच आवाज, उतरत गेला; बास आणि मिडल, म्हणजे खालचे आणि मधले, चढत गेले. "ऐक गो, आता?" "गोणीत घालून वाजवतोस काय?" "आता?" "आता गोणीचं तोंड उघडलं जरा." आम्हाला वरच्या मजल्यावर तो आवाज ओल्या गोधडीसारखा जड लागे. मी तसं सांगितलं, तेव्हा अंकल म्हणाले, "ठाऊक आहे, वहिनी. माझ्यापण दातात बसतो तो."

लग्नाच्या वाढदिवशी प्रीअँप टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन अंकल फेरीबोटीत बसले. अंगणात मांडव होता, माणसं होती, आम्ही इमारतीतलेही होतो. गिटार सुरू झाली तेव्हा त्यांच्या जुन्या बँडमधल्या एका म्हाताऱ्याने तोंड कडू केलं. भाच्याने तर ओरडूनच सांगितलं, "अंकल, ट्रेबल वाढवा ना, वाट लागलीय आवाजाची!" अंकलांनी डब्याला हात लावला नाही. आंटी पहिल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. अंकलांचं लक्ष तारांवर कमी आणि त्या चेहऱ्यावर जास्त होतं, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात त्यांचं बोट चुकलं. चूक इतकी लहान होती की आमच्यापैकी कोणालाच कळली नाही.

"चुकलास," आंटी म्हणाल्या. त्यांना आपला आवाज किती मोठा होतो ते हल्ली समजत नाही, त्यामुळे सगळ्या अंगणाने ऐकलं. "लग्नात पण इथेच चुकला होतास."

अंकल वाजवायचे थांबले आणि हसत राहिले. मग त्यांनी धून पहिल्यापासून सुरू केली.

तेव्हापासून ती बटणं तिथेच आहेत. खालून आता तोच जाड, बसका आवाज येतो, आणि आमच्या इमारतीत कोणी त्याबद्दल बोलत नाही. तो जुना, लख्ख आवाज मात्र मला अधूनमधून आठवतो. दुपारी गॅलरीत तुमचे कपडे वाळत असायचे आणि तो खालून वर यायचा.